वगळलेला सा

विश्वासदादाचा फोन रोज सकाळी यायचा, माझा चहा गाळून होतो न होतो तोच. "सुधे, आहेस ना?" एवढंच विचारायचा. मी "आहे" म्हटलं की ठेवून द्यायचा. गेल्या दिवाळीपासून हे चाललं होतं. पावसाळा सरता सरता एका सकाळी त्याच्याच नंबरवरून मंजिरीचा, त्याच्या मुलीचा, आवाज आला. "आत्या, बाबा गेले. झोपेतच..." आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की म्हणजे मी नाही, तो गेला. मेलं मन किती स्वार्थी असतं. पण त्या विचारालाही कारण होतं, आणि ते कारण त्याच्या बैठकीत पांढरी चादर पांघरून भिंतीला टेकून उभं होतं.

विश्वासदादा माझा आतेभाऊ. औरंगपुऱ्यात खाली कापडाची दुकानं आणि वर बिऱ्हाडं अशा एका इमारतीत तो शेवटपर्यंत राहिला. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि घरी उरलेल्या सगळ्यांना सगळं शिकवायचा. समजावून सांगितल्याशिवाय त्याला पाणीसुद्धा पिता येत नसे. त्याच्या एका मित्राचा ऑर्केस्ट्रा होता. मित्रानं मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओतून एक जुनं विलायती वाद्य उचलून आणलं होतं. दिसायला बुटक्या कपाटाएवढं, वर पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या. पण आत ना भाता, ना तारा. प्रत्येक पट्टीखाली टेपच्या फितीचा एक लांब तुकडा आणि त्या फितीवर कुणीतरी आधीच गाऊन ठेवलेला एक सूर. पट्टी दाबली की फीत आवाज वाचणाऱ्या धातूच्या हेडवरून सरकायची, सूर उमटायचा. आठेक सेकंदांत फीत संपली की सूर कापल्यासारखा थांबायचा, आणि बोट उचललं की स्प्रिंग फितीला खाडकन मागे ओढून न्यायची. एकदा वैजापूरच्या कार्यक्रमाहून परतताना हे धूड भर उन्हात गाडीच्या टपावर राहिलं आणि फिती एकमेकींना चिकटून बसल्या. मित्र भंगारात द्यायला निघाला. दादानं ते जिन्यावरून सहा हमालांकडून वर चढवून घेतलं. आम्ही त्याला टेपपेटी म्हणू लागलो.

विलायती फिती मिळणं शक्यच नव्हतं. मग दादानं ठरवलं, आवाजच आपले भरायचे. त्या उन्हाळ्याच्या सुटीत नात्यातली, आळीतली, जिला म्हणून सूर धरता येतो ती प्रत्येक बाई त्यानं धरून आणली. एक पट्टी, एक बाई. दुपारी खिडक्यांना गोधड्या लावायच्या, पंखा बंद, आणि खालच्या दुकानदाराला निरोप की तासभर कापड टराटरा फाडू नका. दादाची बायको, नलूवहिनी, साध्या पेटीवर सूर द्यायची आणि समोरच्या बाईनं नुसता 'आ' लावून तो धरायचा. घाम नाकावरून ओघळला तरी पुसायचा नाही. वहिनी स्वतः गाणं शिकलेली. मधला सा तिचा. आत्याचा, म्हणजे दादाच्या आईचा, गंधार. मला वरचा धैवत मिळाला, कारण दादाच्या मते मी लहानपणापासून त्याच सुरात भांडत आले होते. नंतर त्यानं मूळ रिळं कापून त्यांच्याच फिती केल्या. दुसरी प्रत ठेवायची हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

खर्जातल्या पट्टीसाठी शेजारच्या कारकुनाच्या आईला बोलावलं होतं. कौसामावशी. देवगाव रंगारीहून लेकाकडे आलेल्या, शेतातून हाळी देऊन कमावलेला आवाज. गाऊन झाल्यावर त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "मास्तर, ह्यो आवाज आता माझा का ह्या पेटीचा?"

"दोघांचा, मावशी."

"आसं नसतंय. इकडं दिलं की तिकडं कमी व्हतंय. पान्याचं बी तसंच हाय."

आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले.

पेटी पहिल्यांदा वाजली तो दिवस मला अजून आठवतो, आणि आनंदानं नाही. दादानं दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि आम्ही सगळ्या एकदम गायलो. म्हणजे आम्ही तोंडं मिटून उभ्या होतो आणि आमचे आवाज समोरच्या खोक्यात गात होते. त्या गाण्यात श्वास नव्हता. माणूस सूर लावतो तेव्हा आधी कणभर चाचपडतो, इथं ते चाचपडणं नव्हतं. सूर एकदम यायचा आणि एकदम जायचा. वहिनी टाळ्या वाजवत होती, आत्या डोळ्यांना पदर लावत होती, आणि मला मात्र तिथून निघून जावंसं वाटत होतं. त्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरायचा. दाब उतरला की मोटर मंदावायची आणि सगळ्या बायका हळूहळू खाली घसरत जायच्या, गाण्यातून कण्हण्यात. एकदा तर खालचा दुकानदार जिना चढून वर आला आणि दारातूनच म्हणाला, "कोण बीमार है क्या, मास्तर?"

पण दादाचा तिच्यावर जीव जडला. दर रविवारी सकाळी तो पेटी उघडायचा. आधी मऊ फडक्यानं रूळ, मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं एकेक हेड. कापूस तांबूस व्हायचा. ती फितीची झड. "हे बघ सुधे, ही तुमचीच माती," तो म्हणायचा. मग शेवटचं काम. हेडमध्ये हळूहळू चुंबकत्व साठतं आणि ते आवाज खराब करतं, म्हणून विजेवर चालणारं एक दांडीसारखं अवजार हेडवरून फिरवावं लागे. त्या अवजाराचा नियम एकच होता आणि तो त्यानं आम्हाला पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता: आधी फितींची चौकट बाहेर, मग बटण चालू. कारण हेड स्वच्छ करणारं तेच अवजार फितीजवळ आलं तर फितीवरचं सगळं पुसून टाकतं. सगळ्या फिती एका लोखंडी चौकटीत ताणून बसवलेल्या असत. दादा एका बाजूनं आणि वहिनी दुसऱ्या बाजूनं ती जड चौकट उचलून पार मागच्या खोलीत नेऊन ठेवत. वहिनी जाताना म्हणायची, "चला गं बायांनो, न्हाणं आहे."

काही वर्षांनी कौसामावशींची पट्टी बारीक वाजू लागली. फीत झिजली होती, दुसरं काही नाही. त्याच उन्हाळ्यात मावशी गेल्या. मग एका रविवारी आत्याची फीत तटकन तुटली आणि तो आठवडा संपायच्या आत आत्या न्हाणीघरात पडली ती उठलीच नाही. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण आळीत कुजबुज सुरू झाली. एकजण येऊन म्हणाली, माझी फीत काढून द्या. दुसरी म्हणाली, माझी काढू नका, काढली तर काय होईल कोण जाणे. दोघीही पेटीकडे पाठ करून बोलत होत्या. दादा हसण्यावारी न्यायचा... निदान आमच्यासमोर.

मग नलूवहिनीला कावीळ झाली. मंजिरी तेव्हा बालवाडीतही जात नव्हती. पंधरवड्यात वहिनी गेली. खरं तर तेव्हाच हे खूळ जायला हवं होतं, कारण तिची फीत ठणठणीत होती. पण दादानं वेगळाच अर्थ काढला. तो म्हणाला, आता ती एवढीच उरली आहे, आणि वाजवली की झिजणार. त्या दिवसापासून त्यानं मधल्या सा ला बोट लावलं नाही. सा वगळून माणूस काय वाजवणार? दादा वाजवायचा. ते ऐकताना दर वेळी पायरी गाळलेल्या जिन्यावरून उतरल्यासारखं वाटायचं. मंजिरी मोठी झाली, इंजिनिअर झाली, बिडकीनकडच्या एका कारखान्यात लागली. आईचा चेहरा तिला फोटोत मिळाला, आवाज त्या एका फितीशिवाय कुठंच नव्हता. ती मागायची तेव्हा दादा म्हणायचा, ऐकवीन, एकदाच ऐकवीन, वेळ येऊ दे.

वर्षं गेली. पट्ट्यांमधल्या बायका एकेक करून गेल्या, कुणी म्हातारपणानं, कुणी त्याआधी. शेवटी त्या सगळ्यांत मीच उरले. दादाचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तो अर्धा झाला. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा तो पेटीपाशीच बसला होता. त्यानं वरचा धैवत दाबला. खोलीत नुसती सरसर आली आणि तिच्यामागे, फार लांबून, काहीतरी माझ्यासारखं.

"सुधे, डॉक्टरकडे जाऊन ये," तो म्हणाला.

मी म्हटलं, दुखणं तुझ्या पेटीचं आणि औषध मला? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तो हसला नाही. आयुष्यभर मुलांना पुरावा मागायला शिकवलेला माणूस माझ्याकडे असा बघत होता, की मी डब्याचं झाकण लावून उठले. मी गेले डॉक्टरकडे. सगळं ठीक निघालं. त्याला सांगितलं, पण दुसऱ्या सकाळपासून फोन सुरू झाला. आणि मंजिरी सांगायची, बाबा आता रविवारची वाट बघत नाहीत, रोज पेटी उघडून बसतात. मी वरून चिडवत राहिले. पण आतून मलाही भीती शिवली होती. सकाळी जाग आली की आधी स्वतःशीच हूं करून बघायचे.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी मंजिरी आणि मी बैठकीत उरलो. तिनं चादर काढली. पेटीवर कापसाचं पुडकं, स्पिरिटची बाटली आणि ते दांडीचं अवजार होतं, वायर नीट गुंडाळलेली. "हे रोज फिरवायचे," मंजिरी म्हणाली. "शेवटी शेवटी सकाळ-संध्याकाळ. म्हणायचे, सुधाला सांभाळायला हवं."

मी सहज विचारलं, की चौकट उचलायला तू लागायचीस का.

"कुठली चौकट?" मंजिरी म्हणाली.

फितींची, मी म्हटलं. मग मी तिला तो नियम सांगितला, जो तिच्या आईच्या काळात घरातल्या पोरासोरांना पाठ होता. ऑपरेशननंतर दादाला वजन उचलायची बंदी होती. कदाचित त्यानं पहिल्यांदा ठरवलं असेल, आज एक दिवस चौकट आतच राहू दे, जपून फिरवू. मदत मागायची तर रोज पेटी का उघडतोस तेही सांगावं लागलं असतं, आणि आपण कशाला घाबरलोय हे तो कुणाला सांगणार? की तो नियमच विसरला होता, कोण जाणे... माझा आवाज बारीक झाला म्हणून तो जास्त सांभाळू लागला, आणि जितकं सांभाळलं तितका आवाज पुसला गेला. मला त्याचा राग आला, मग त्याची इतकी दया आली की मी त्या अवजाराकडे बघू शकेना.

मंजिरीनं मोटर चालू केली. खर्जापासून एकेक पट्टी दाबत गेली. सरसर, आणि बोट उचललं की खाडकन. कौसामावशींच्या जागी सरसर, माझ्या जागी सरसर. मधला सा तिनं ओलांडला होता; शेवटी त्याच्यापाशी येऊन थांबली. मी म्हटलं, राहू दे हवं तर. तिनं दाबला. फीत संपेपर्यंत दाबून धरला, सोडला, पुन्हा दाबला. तीच सरसर. ती जराही रडली नाही, मला वाटतं सेकंद मोजत होती. मग पट्टीवरचं बोट न उचलता तिनं विचारलं, "आत्या, इथं आई कशी गायची?"

ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही. मी डोळे मिटले आणि सा लावला. आधी चाचपडले. आवाज कापत होता, पण वहिनीची लावण्याची ढब आली. ती सा वर हलकेच मागून यायची, दार लोटून आत आल्यासारखी. श्वास संपला, पुन्हा घेतला, पुन्हा लावला. डोळे उघडले तेव्हा मंजिरीच्या हातात मोबाइल होता आणि ती रेकॉर्डिंगचं बटण शोधत होती. मी तिचा हात धरला. जन्मभर या खुळाची टर उडवणारी मी, मीच तो मोबाइल पालथा घातला.

"नको गं. कशावर ठेवू नकोस. ऐकावंसं वाटेल तेव्हा ये, मी आहे तोवर गाईन."

ती दर रविवारी समर्थनगरला माझ्याकडे येते. चहा होतो, मग ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्या आईचा सा लावते. गेल्या वेळी तो मध्येच फाटला. आम्ही दोघींनी ते ऐकलं आणि दोघींनी दुसरा विषय काढला. आता बेल वाजली की मी दार लगेच उघडत नाही. आधी दाराच्या आत उभी राहून हलकेच सूर लावून बघते.