ती हसत नव्हती

रविवारी दुपारी मुलीसोबत माझ्या कॉलेजच्या दिवसांतला एक विनोदी सिनेमा पाहत होतो. "बघच, हसून हसून पोट दुखेल," असं मीच तिला सांगितलं होतं. सिनेमात गॅदरिंग आलं आणि फिशपाँड सुरू झाले. निनावी चिठ्ठ्यांतले टोमणे स्टेजवरून वाचले जात होते. एका जाड मुलीवरची चिठ्ठी वाचली गेली, सगळं सभागृह हसलं आणि सवयीने मीही हसलो.

"बाबा, ती हसत नाहीये," मुलगी म्हणाली.

मी चरकलो. हा सिनेमा मी दहा वेळा तरी पाहिला असेल, पण त्या मुलीकडे कधी पाहिलंच नव्हतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती खाली बघत होती. तेव्हाही ती अशीच बसलेली असणार. सिनेमा तर तोच आहे.

"तुमच्याकडे पण असायचं हे? तू लिहायचास?"

आमच्या वर्गातल्या सुनंदाच्या काळ्या रंगावर मी लिहिलं होतं. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हशा माझ्या चिठ्ठीला मिळाला होता आणि पुढे कितीतरी वर्षं मी तो मित्रांत मिरवला. सुनंदाचा त्या वेळचा चेहरा आठवून पाहिला, पण आठवेना. मी हसणाऱ्यांकडे बघत होतो.

"लिहायचो," मी म्हणालो.

"काय लिहिलं होतंस?"

ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे. अख्ख्या कॉलेजने ऐकलेली ती ओळ, माझ्याच रंगावर गेलेल्या माझ्या मुलीसमोर मला म्हणता येईना.