झाकणं लावणारा माणूस

बाबा मिलमध्ये कार्डिंग खात्यात फिटर होते. कार्डिंग म्हणजे जिथे कापूस पिंजून त्याचे पेळू होतात ते खातं, आणि तिथे हवेपेक्षा तूस जास्त. कापसाची ही तूस ग्रीसमध्ये बसते, तेल सोडायच्या भोकात बसते, चहात बसते. म्हणून उघडं दिसेल ते झाकायचं आणि झाकलेलं असेल ते आणखी घट्ट पिळायचं, हे बाबांच्या हातात मुरलं होतं. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या घरात तूस नव्हती, पण झाकणं होती. पाण्याच्या पेल्यावर बशी, बशीवर वाटी. खोबरेल तेलाची बाटली त्यांनी बंद केली की ती उघडायला आधी आईचं फडकं, मग माझे दात आणि शेवटी पुन्हा बाबाच लागायचे.

पुढे मिल बंद झाली. बंद झाली असं मी म्हणते. बाबा म्हणत, "सध्या बंद आहे." रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सायकलवरून मिलच्या गेटवर जात, तिथे लावलेली नोटीस वाचत आणि परत येत. नोटीस तीच असायची. तिच्यात नवीन काय सापडतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कागद जुना झालाय. बदलतील आता."

घर माझ्या पगारावर चालत होतं. मी एका खासगी ऑफिसात नव्याने आलेल्या कंप्यूटरवर पत्रं टाइप करायचे. शहरात तेव्हा रोज नवीन काही ना काही उघडत होतं. बाबांच्या खात्यातल्या एकाने एसटीडी बूथ टाकला, दुसऱ्याने केबलची वायर घरोघर ओढायला घेतली. बाबांनी दोन्ही धंदे नीट पाहून घेतले आणि यात पिळायला काहीच नाही म्हणून सोडून दिले.

अशात त्यांना इंजिन मिळालं. गावाबाहेरच्या तलावावर बोटिंगचा ठेका घेतलेल्या एका माणसाने कुठल्याशा भंगारातून बोटीच्या मागे अडकवायचं जुनं इंजिन आणलं होतं. वर पेट्रोलची छोटी टाकी, मधे ओढायची दोरी, खाली पाण्यात फिरणारा पंखा. ठेकेदाराला मशीन जाणणारा माणूस हवा होता. आधी रविवारी येऊन चालवा, नीट चाललं तर रोजचं काम देतो, असं ठरलं. बाबांनी इंजिन उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं. कितीतरी महिन्यांनी त्यांची नखं काळी झाली आणि जेवताना ते भाजीला चांगली म्हणाले. आईने भाजीत मीठ घातलं नव्हतं.

इंजिन चालायचं. बोट तलावाच्या मध्यावर जाईपर्यंत अगदी झोकात चालायचं. तिथे गेलं की आवाज बारीक व्हायचा, बोट रेंगाळायची आणि इंजिन दोनदा खोकून गप्प. बाबा टाकीचं झाकण उघडून आत बघायचे. पेट्रोल भरपूर असायचं. झाकण घट्ट लावायचे, दोरी ओढायचे आणि इंजिन पुन्हा सुरू! किनारा जवळ आला की पुन्हा खोकला.

बघायला आलेल्या प्रत्येकाला हे का होतं ते माहीत होतं. इंदूरात न विचारता सल्ला देणं हा पाहुणचाराचा भाग आहे. एकजण म्हणाला, प्लग. बाबांनी प्लग बदलला. मल्हारगंजातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, कार्बोरेटर साफ करा. तो इतका साफ झाला की आईने त्यात हळद ठेवली असती. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये घासलेट आहे, कुणी म्हणालं पंख्यात शेवाळ अडकतं. बहुमत मात्र इंजिन गरम होतं, थांबलं की थंड होऊन चालतं, या बाजूने होतं.

बाबांनी इंजिन घरी आणून अंगणात पाण्याच्या पिंपावर बसवलं. पेट्रोल उगाच जळू नये म्हणून टाकीत थोडं थोडं ओतत, झाकण हातात धरून ते आत बघत उभे राहिले. पिंपावर इंजिन अर्धी दुपार चाललं. शेजाऱ्यांची झोप गेली, इंजिनाची ताकद काही गेली नाही.

पुढच्या रविवारी सराफ्यातलं एक कुटुंब बोटीत होतं, बायका जरीच्या साड्यांत. मध्यावर इंजिन गेलं. या वेळी बाबांनी झाकण उघडलं नाही, कारण पेट्रोल त्यांनी निघतानाच पाहिलं होतं. दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा गेला. कुटुंबप्रमुख शांतपणे म्हणाले, "भिया, यहीं उतारोगे क्या?" शेवटी पायडलवाल्या बोटीने त्यांना ओढून आणलं. ती बोट बदकाच्या आकाराची होती.

मी तेव्हा किनाऱ्यावर होते. ठेकेदार ओरडला नाही. म्हणाला, "दादा, अगले संडे फिर रुका तो इंजन कबाड़ में. और आप भी घर पे आराम करो." आराम हा शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. आराम काय असतो ते मी रोज घरी बघत होते. तो इस्त्रीचा शर्ट घालून नोटीस वाचायला जातो. मला इंजिनाशी घेणंदेणं नव्हतं, पण बाबांची नखं पुन्हा पांढरी झालेली मला बघायची नव्हती.

आठवडाभर बाबा कमी बोलले आणि जास्त झाकणं लावली.

शनिवारी तेलाचा नवीन डबा आला. डब्याला भोक पाडायचं काम बाबांचं. त्यांनी खिळा ठोकून एका कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि लगेच त्यात फडक्याचा बोळा कोंबला. यावरून घरात लग्नापासून भांडण होतं. आईला दोन भोकं हवी असत. बाबा म्हणत, दुसऱ्यातून कचरा जातो. ते कामावर गेले की आई गुपचूप दुसरं भोक पाडायची. आता ते कामावर जात नव्हते, त्यामुळे भांडण उघड्यावर आलं.

आईने बोळा काढून डबा कलता केला. तेलाची धार आधी छान पडली. मग बारीक झाली, दोनदा गुडगुडली आणि थांबली.

"बघा!" आई म्हणाली. "अहो, वरून हवाच नाही गेली तर खाली तेल कसं येणार? मी काय फूंक मारू?"

मी त्या डब्याकडे बघत राहिले. हे गुडगुडणं मी किनाऱ्यावरून ऐकलेलं होतं.

"बाबा, इंजिनच्या टाकीला दुसरं भोक आहे का?"

"आहे ना," बाबा म्हणाले. "झाकणावरच आहे, बारीक. त्याच्यावर स्क्रू आहे."

"आणि तो स्क्रू?"

"तो मी एकदम टाइट ठेवतो. काळजी नको."

हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानाचा होता. तो तसाच थोडा वेळ राहिला आणि मग हळूहळू उतरला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं.

"पण ढिला ठेवला तर त्यात तूस जाईल," ते म्हणाले.

"तलावात कुठली आली तूस?" आई म्हणाली.

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं, पण बाबांना ते लागलं. खिळा घेऊन त्यांनी डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडलं. धार सुरू झाली आणि थांबेना. आईला वाटी बदलावी लागली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मी कणीक मळायला घेतली.

रविवारी पहिल्या फेरीला मी बोटीत बसले. बाबांनी स्क्रू ढिला केला आणि दोरी ओढली. मध्यावर आलो तेव्हा मला पाण्यापेक्षा बाबांचा उजवा हातच जास्त दिसत होता. तो आपोआप झाकणाकडे गेला, स्क्रूपाशी थांबला, मागे आला. पुन्हा गेला. शेवटी बाबांनी तो हात मांडीखाली घेतला आणि त्याच्यावर बसले. पूर्ण तलाव त्यांनी डाव्या हाताने पार केला. परत येतानाही इंजिन एकदाही खोकलं नाही.

ठेकेदाराला लांबून फक्त एका हाताने बोट चालवणारा माणूस दिसला. "क्या बात है दादा, एक हाथ से!" तो म्हणाला. "कल से रोज आ जाओ. सुबह आठ बजे."

"सकाळी थोडं लेट होईल," बाबा सवयीने म्हणाले. "आधी मिलच्या गेटवर जाऊन..."

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तलावाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "आठला येतो."

मग त्यांनी इंजिन बंद केलं आणि झाकणावरचा स्क्रू सावकाश, अगदी शेवटपर्यंत पिळला. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "बंद असलेल्याचा लावायचाच असतो."