आत कोन हाय का?

भूगावच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाने खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी ठेवली होती. मासे संपलेले, पंप तेवढा घरघरत होता. मला तिच्यात पुस्तकं ठेवायची होती.

साफ करायला आलेल्या बाईंनी आधी प्लग काढला, कोपरापर्यंत हातमोजे चढवले आणि काचेवर टकटक केली. "आत कोन हाय का?"

मी हसलो. "मासे कधीच मेले."

"तरी इचारून हात घालावा, दादा."

तळाचे दगड एकेक काढताना शेवटच्या दगडाखालून नखाएवढा खेकडा नांग्या उगारून निघाला. बाईंनी त्याला अलगद टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत सोडलं.

"टाकी घासून देते. पन ह्यो हितंच ऱ्हानार. तुमच्या आदीपासून हाय."

पुस्तकं अजून खोक्यातच आहेत. पाणी बदलताना मी आधी काचेवर टकटक करतो. नांगी वर झाली की परवानगी मिळाली, असं समजतो.