घरात नसलेली दोन वॉश बेसिनं

"सर, ही दोन वॉश बेसिनं मले एकदा दाखवून द्या. सहा वर्षं त्या घरात राहिले, पण काही दिसली नाहीत."

वानखेडे मॅडम माझ्या मेहकरच्या ऑफिसात टेबलापुढे उभ्या होत्या. हातात मोबाईल, मोबाईलवर एक एस्टिमेट. लेटरहेड माझं, शिक्का माझा, सही माझी. ओळ क्रमांक सात: 'फुटलेली वॉश बेसिनं बदलणे, नग दोन'.

"बसा ना," मी म्हणालो.

"बसते. पण आमच्या घरी हात मोरीत धुतात, सर. पाहुणे आले तर अंगणातल्या नळावर."

मी सिव्हिल इंजिनियर आहे. घरांचे नकाशे काढतो, बांधकामावर देखरेख करतो आणि एस्टिमेट करून देतो. एस्टिमेट म्हणजे एखाद्या कामाला साहित्य किती आणि मजुरी किती लागेल, याचा अंदाज. लोक त्या कागदावर विश्वास ठेवतात, कारण इंजिनियर जागेवर गेला असणार, त्याने टेप लावून मापं घेतली असणार, असं ते धरून चालतात. हे एस्टिमेट करताना मी खुर्चीवरून उठलोही नव्हतो.

झालं होतं असं. डोणगावच्या पंजाबरावांचा आठवड्यापूर्वी फोन आला. मोठी शेती, अडतीचं दुकान आणि गावात भाड्याने दिलेली चार घरं, असा हा माणूस. माझं जुनं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "साहेब, एक भाडेकरू घर खाली करून राह्यला. लई खराबी केली. भिंत फाटली, रंग गेला. दुरुस्तीचा एक कागद बनवून द्या." मी आधीच्या महिन्यात मेहकरातल्या एका बंगल्याचं एस्टिमेट केलं होतं. तेच उघडलं, नाव बदललं, भिंतीच्या भेगेची एक ओळ घातली आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. बंगल्याची बेसिनं तशीच राहिली.

कागद कशाला हवाय, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मुद्दामच विचारलं नाही. पंजाबराव गोडाऊन बांधणार होते आणि ते काम मला हवं होतं.

तो कागद कशाला वापरला, ते आता मॅडम सांगत होत्या. त्या डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. बदली बीबी या गावी झाली होती. डिपॉझिट चाळीस हजार. माझ्या एस्टिमेटची बेरीज अडतीस हजार चारशे. पंजाबराव उरलेले सोळाशे द्यायला तयार होते, आणि तेही उपकार केल्यासारखे.

"बीबीत तळमजल्याची जागा पाहिली आहे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना चढता येत नाही त्यांना. तो मालक रविवारपर्यंत थांबतो म्हणाला. तोपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर दुसऱ्याला देणार." मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मले पोलिसात जायचं नाही, कोर्टात जायचं नाही. तुम्ही फक्त चला, अन् बेसिन दाखवा."

त्या दिवशी शुक्रवार होता.

बेसिनची ओळ काढून टाकावी, माफी मागावी आणि विषय संपवावा, असं माझ्या मनात आलं. कीबोर्ड पुढे ओढलाही. पण मोठा आकडा बेसिनांचा नव्हताच, तो भेगेचा होता. म्हणून जो प्रश्न आठवड्यापूर्वी विचारायला हवा होता, तो तेव्हा विचारला.

"पंजाबरावांचं नेमकं कोणतं घर?"

"शाळेमागचं. निळ्या गेटचं."

माझे हात कीबोर्डवरच थांबले. निळ्या गेटचं घर आठ वर्षांपूर्वी मीच बांधलं होतं.

मी टेप घेतला आणि निघालो. मॅडम बसने आल्या होत्या, त्यांना गाडीत बसवलं. वाटेत त्यांनी मला एकदाही टोचून काही म्हटलं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. पंजाबरावांना फोन केला. म्हणालो, जागेवर या.

घरात सामान बांधून ठेवलेलं होतं. गुंडाळलेल्या गादीवर सासूबाई बसल्या होत्या, पायाशी खलबत्ता. तो काही त्या कोणाच्या हाती देत नव्हत्या. पाठोपाठ पंजाबराव आले आणि त्यांनी थेट स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं.

"पाहा साहेब. अशी भिंत ठेवतेत का कोणी? ही बुढी रोज सकाळी इथं बसून ठेचा कुटते. सहा वर्षं धडाधड, धडाधड. भिंत फाटणार नाही तं काय होईन?"

"काऊन रे पंजाब," सासूबाई गादीवरूनच म्हणाल्या, "माह्या ठेच्यानं भिंत फाटली, अन् तोच ठेचा पोळ्याले दोन भाकरींसंग खाऊन गेला, तवा तुहं पोट नाई फाटलं?"

"काकू, ते येगळं."

"येगळं कसं? खलबत्ता एकच हाये."

मी हसू दाबलं आणि भेगेजवळ गेलो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती तिरपी वर छताकडे गेली होती. वर रुंद, खाली बारीक. अशी भेग आमच्या धंद्यातला कोणीही ओळखतो. तिच्या कडेकडेने पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेपुढे महिना लिहिलेला होता.

"या रेघोट्याबी पाहा!" पंजाबराव म्हणाले. "मास्तरीणबाईनं भिंतीचा फळा करून टाकला. याचे पैसे लावले का नाही तुम्ही?"

"त्या मीच केल्या," मॅडम म्हणाल्या. "राहायला आलो तेव्हाच भेग होती. मले वाटलं वाढते की काय, म्हणून खुणा करत गेले. पण ती नुसती वाढत नाही, सर. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते. मे महिन्यात रुपयाचं नाणं आत जातं. सप्टेंबरमध्ये पोस्टकार्डही जात नाही." त्यांनी पर्समधून रुपया काढला आणि भेगेत सरकवला. मे महिनाच होता. रुपया अर्धा आत गेला.

भेग हलते आहे का, हे पाहायला आम्ही तिच्यावर काचेची पट्टी चिकटवतो आणि तारीख टाकतो. पट्टी तडकली, तर भेग जिवंत आहे असं समजायचं. ते काम या बाईंनी एका पेन्सिलीवर आणि रुपयावर केलं होतं, आणि त्याच खुणांची किंमत आम्ही त्यांच्याकडून वसूल करायला निघालो होतो.

आता आमच्या भागातली काळी माती. पाणी प्यायली की फुगते, ऊन लागलं की आकसते आणि फाटते. शेतात चाललं की उन्हाळ्यात पाय अडकतो, अशा भेगा पडतात. अशा जमिनीत घराचा पाया काळी माती ओलांडून खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम म्हणजे मातीखालचा टणक थर, तो फुगत नाही. पाया वरच ठेवला, तर माती दरवर्षी घर थोडं उचलते आणि थोडं सोडते. भिंत ते किती दिवस सहन करणार?

या घराच्या नकाशात मी पाया सहा फूट दाखवला होता. खोदकाम साडेतीन फुटांवर आलं, तेव्हा पंजाबराव म्हणाले होते, "बस झालं साहेब, काय विहीर खांदून राह्यले का?" मुरूम लागला नव्हता. मला माहीत होतं. मी दोनदा नाही म्हणालो आणि तिसऱ्यांदा गप्प बसलो. खाली पाहिलं तर काळी मातीच दिसत होती, ती मला आजही आठवते. त्या खड्ड्यात काँक्रीट पडलं तेव्हा मी काठावर उभा होतो.

आता मॅडम मला विचारत होत्या, "सर, ही भेग आम्ही पाडली का?"

पंजाबराव माझ्याकडे बघत होते. सासूबाईही. गोडाऊन डोळ्यांपुढे आलं, नाही असं म्हणणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "ही भेग मी पाडली. पाया कमी खोदला. मुरूम न लागताच काम होऊ दिलं. तुम्ही इथे राहायला यायच्या आधीपासून ही भिंत फाटायला लागली होती. आणि एस्टिमेट मी ऑफिसात बसून केलं. ते खोटं आहे."

मग पंजाबरावांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"साडेतीन फुटावर थांबा, असं मीच म्हणलो होतो ना?"

"हो. पण इंजिनियर मी होतो."

"हाव," ते म्हणाले. "म्हणजे दोघंबी गाढव."

"मंग घरभाडं तुमी द्यायले पाह्यजे होतं आमाले," सासूबाई म्हणाल्या, "सहा वर्षं तुमच्या गाढवपणाखाली झोपलो."

यावर पहिले हसले ते पंजाबराव. मी लगेच गादीच्या कडेला बसून नवं एस्टिमेट लिहिलं. रंगाची ओळ काढली, कारण सहा वर्षांत रंग उतरतोच. ती वापरातली झीज, नुकसान नव्हे. पेन्सिलीच्या खुणा काढल्या, भेग काढली, बेसिनं काढली. काहीच उरलं नाही.

"एक ओळ लिहा सर," मॅडम म्हणाल्या. "मागच्या खिडकीची काच आमच्याकडून फुटली आहे. सासूबाईंनी मांजराला चप्पल फेकून मारली होती."

"मांजर वाचली," सासूबाई म्हणाल्या.

काचेचे अडीचशे धरले. पंजाबरावांनी तिथेच मोबाईलवरून बाकीचे पैसे पाठवले. बोटं चालत नव्हती, तर मॅडमनीच त्यांना बटण दाखवलं. रविवारी सामान बीबीला गेलं. खलबत्ता पुढच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर होता, असं नंतर कळलं.

गोडाऊन गेलं, असं मी धरून चाललो होतो. घरी बायकोला तसं सांगूनही टाकलं. पंधरा दिवसांनी पंजाबरावांचा फोन आला.

"गोडाऊनचा पाया किती घ्यायचा?"

"मुरूम लागेपर्यंत."

"विहीर झाली तरी?"

"विहीर झाली तरी."

"होऊ द्या," ते म्हणाले. "अन् आयका. निळ्या गेटच्या घरात प्लंबर धाडला हाये. तुमच्या कागदात दोन बेसिन होते ना? सही करून देल्ती तुम्ही. एक तुमच्या पैशानं, एक माह्या."

तेव्हापासून मी जागेवर गेल्याशिवाय एस्टिमेटची एकही ओळ लिहीत नाही. खुर्चीत बसून लिहिलेली एक ओळ मला एका बेसिनला पडली, प्लंबरची मजुरी वेगळी. नव्या भाडेकरूने पंजाबरावांना विचारलं म्हणे, एवढ्या लहान घरात दोन बेसिनं कशाला? पंजाबराव म्हणाले, "इंजिनियर साहेबाले दिसले होते."