रिकामा चौकोन

फॉर्मवरचा एकही चौकोन रिकामा नव्हता, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना आम्ही बेडसोअर म्हणतो. दुपारच्या शिफ्टला तीस पेशंट आणि दोन सिस्टर. आणखी एक द्या म्हणून मी दोन वर्षं घसा कोरडा केला. सुपरिंटेंडंट साहेबांचं एकच, पुरावा आणा. म्हणून आमच्या एका डॉक्टरांनी रिसर्च काढला. कूस बदलली की सिस्टरने त्या वेळेच्या चौकोनात सही करायची, एवढंच.

एवढंच कसलं! नाव डॉक्टरांचं आणि हात आमचे, म्हणत सगळ्यांनी नाकं मुरडली. मी दमदाटी केली. आठवड्याने फॉर्म आले ते हे असे, काठोकाठ. आणि सात नंबर बेडवरच्या, करंजा गावच्या आजींच्या पाठीला नवी जखम. त्यांच्या सुनेला विचारलं.

"दुपारपासून कोनी नाय आला, सिस्टर. मीच एकदा कुशीवर केली."

त्या चौकोनांत सही सुनंदा सिस्टरची होती. तिला बाजूला घेऊन चांगलं झापलं. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, चौकोन रिकामा दिसला की मेमो मिळतो. तुम्हीच शिकवलंत ना?"

मला स्वतःचाच संताप आला. न झालेलं काम हाच आमचा पुरावा, आणि तो सह्यांनी झाकायची सवय माझीच. मी सांगितलं, जमलं नाही तिथे रिकामं सोडा, मेमो मिळणार नाही. सिस्टरांनी ते लिहून मागितलं. दिलं लिहून.

पुढच्या आठवड्यात निम्मे चौकोन रिकामे आले. साहेबांनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले.

"पहिल्या आठवड्यात जमलं, मग आता काय झालं?"

"पहिले खोटे आहेत, सर."

"म्हणजे तुमचा स्टाफ खोटं रेकॉर्ड लिहितो. नावं द्या."

नावं दिली असती तर लिहून दिलेल्या शब्दाला काही अर्थ उरला नसता. मी म्हटलं, "इन्चार्ज मी आहे. मेमो मला द्या."

मेमो दुसऱ्याच दिवशी आला. जादा सिस्टर आली आठ महिन्यांनी. आजी तोवर गेल्या होत्या.

नर्सेस रिसर्चला सहकार्य करत नाहीत, असं डॉक्टर अजूनही म्हणतात. करतात की. फक्त खरं लिहिलं तर मेमो कुणाच्या नावावर निघणार, ते आधी विचारतात.