कापलेले कान

काल मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत एक भांडेवाला स्टीलच्या वाटीची कड कानशीने घासत होता. तापलेल्या धातूचा तो वास नाकात शिरला आणि मला विद्यापीठातली आमची प्रयोगशाळा आठवली. चीडही तितकीच आली.

पत्रा लाटून केलेला असतो, म्हणून तो एका दिशेने जास्त ताणला जातो, दुसरीकडे कमी. त्याची गोल चकती दाबून पेला केला, की कड सरळ येत नाही, वरखाली होते. त्या चार उंचवट्यांना आम्ही कान म्हणायचो. पत्रा कुठे दगा देईल, ते कान सांगतात. माझं सगळं संशोधन त्यांच्या उंचीवर उभं होतं.

पत्रा पुरवणाऱ्या कारखान्याचे साहेब यायचे होते. त्या सकाळी पाहते तर माझे सगळे पेले गुळगुळीत, एका उंचीचे. खाली चकचकीत कीस पडलेला.

"सर, हे कोणी केलं?"

"मैंने करवाया. मेहमान आ रहे हैं, भद्दे लगते थे," माझे मार्गदर्शक शांतपणे म्हणाले.

पाहुण्यांना ते सांगत होते, "आपका माल एकदम बढ़िया है." मी त्यांच्यासमोरच नवी चकती यंत्रात ठेवली. सर "रहने दो" म्हणत राहिले. पेला बाहेर आला, चारही कान ताठ. साहेबांनी तो नुसता पाहिला आणि ते चहाकडे वळले.

तेव्हा मला वाटलं, माझं काम सरांना समजलंच नाही. आता कळतं, ते सगळ्यांत जास्त त्यांनाच समजलं होतं.