झुंबरबाईने पुरलेली गाठ

धरणगावच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं झुंबर आत्याच्या हातावर जन्मली. मीही त्यातलाच. ती सुईण. बाळंतीण सुटली की बाळामागून पडणारी वार ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. स्वतः कुदळ घेऊन परसात खड्डा करायची आणि हळद-कुंकू वाहून पुरायची. कुत्र्या-मांजराच्या तोंडी लागली तर बाईच्या जिवाला बाधतं, हा तिचा कायदा. मोठी हट्टी बाई. तिच्याशी वाद घालायची गल्लीत कुणाची टाप नव्हती.

ब्याण्णव साली तिच्या एकुलत्या एका लेकीच्या, वच्छलाच्या, छातीत कॅन्सरची गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं. गाठ औषधाच्या बाटलीत घालून डॉक्टरांनी वच्छलाच्या हाती दिली. तिच्या नवऱ्याने, जीवरामने, ती दुसऱ्या दिवशी मुंबईला तपासायला न्यायची होती.

"काही गाठींच्या पेशींत एक प्रथिन असतं," डॉक्टर वच्छलाला म्हणाले. "अंगातलं संप्रेरक येऊन त्यावर बसलं की गाठ वाढते. आपली गोळी ती जागा आधीच धरते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात ना, तशी. पण ते प्रथिनच नसेल तर गोळी फुकट, मुंबईला तेच तपासतात. मग सलाइनमधून जहाल औषधं द्यावी लागतात."

आत्या तेव्हा बाहेर रिक्षा बघत होती. तिला आत बोलावून दोन वाक्यं सांगायला काय झालं होतं? मला त्या डॉक्टरचा अजून राग येतो.

मायलेकी धरणगावला आत्याच्या घरी आल्या. सकाळी जीवराम पोचायच्या आत आत्याने बाटली परसात रिकामी केली आणि गाठ पुरून टाकली, हळद-कुंकू वाहून.

"बाईना आंगनं बठ्ठं मातीलेच देनं पडस," ती लेकीला म्हणाली. बाईच्या अंगातलं सगळं मातीलाच द्यायचं, हा कायदा तिने इथेही लावला; रोग तर कापून टाकला, आता त्याचं काय तपासायचं, असं तिला वाटलं.

मातीत गेलेली गाठ आता तपासणीच्या कामाची नाही, हे वच्छलाला कळलं. आईला तिने ते सांगितलं नाही. नवऱ्याला आणि डॉक्टरांना तिने सांगितलं, की बाटली माझ्या हातून फुटली, गाठ मांजराने पळवली. डॉक्टर खूप चिडले. शेवटी त्यांनी अंदाजानेच गोळी सुरू केली.

वर्षभरात वच्छलाची कंबर धरली. रोग हाडांत उतरला होता. या खेपेला आत्या आत बसली होती.

"गोळी लागू पडली नाही. ते प्रथिन बहुतेक नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. "तपासणी झाली असती तर पहिल्यापासून दुसरी औषधं दिली असती."

आत्याला सगळं उमगलं. ती बोलायला गेली, तर वच्छलाने तिचं मनगट घट्ट दाबलं. "मन्हा हातमाईनच फुटनी, साहेब."

धुळ्याच्या स्टँडवर आत्याने विचारलं, "तुले बठ्ठं माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग माले सांगं का नही?"

"सांगं असतं तर तू जगती का, माय?"

पावसाळ्याच्या आधी वच्छला गेली. हे सगळं आत्यानेच मला सांगितलं, परसातल्या त्या जागेशी बसून, रडत. त्यानंतरही तिने बाळंतपणं केली. वार मात्र ती घरच्यांच्या हाती द्यायची आणि तोंड फिरवून बसायची.